चाळणी आणि क्रम : मजकूर-शोधातल्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

जयसिंगपुरात बसून जुन्या बातम्यांच्या साठ्यात 'पूर' हा शब्द शोधायला घेतला, की या विषयाची सगळी अडचण एकदम समोर येते. हवे असते ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेने शिरोळ तालुक्याला घातलेल्या वेढ्याविषयी काही. अक्षरे दिसतील तिथे जुळवणारा साधा शोध असेल, तर पुढ्यात येतात सोलापूर, नागपूर, पंढरपूर आणि 'जयसिंगपूर' या नावाने सुरू होणारी प्रत्येक बातमी, मग ती पाण्याची असो वा पालिकेच्या सभेची. उलट 'पुराचे पाणी ओसरले' किंवा 'महापुरात घर गेले' असे ज्यात लिहिले आहे, ती बातमी सुटते. विभक्ती लागताच 'पू' ह्रस्व झालेला असतो.

यावर कोणीही दोन उपाय सुचवील. एक म्हणजे चाळणी लावायची : तालुका शिरोळ, वर्ष २०१९, बाकीचे बाजूला. दुसरा म्हणजे क्रम लावायचा : जी बातमी पुराविषयी जास्त बोलते ती वर, ओझरता उल्लेख करणारी खाली. पहिल्या उपायाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असते, दुसऱ्याचे 'किती'. आजच्या जवळजवळ प्रत्येक शोधयंत्रात हे दोन्ही एकाच प्रश्नात मिसळलेले असतात. ते कसे मिसळावेत, कुठली अट चाळणीत जावी, कुठली क्रमात, आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम व्हावा की नाही, यावर गेली साठ-सत्तर वर्षे चर्चा चालू आहे. तिचा हा आढावा.

दोन परंपरा

चाळणीची परंपरा ग्रंथालयातून आली. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात पुस्तकाला एकाच खणात न कोंबता त्याच्या विषयाचे पैलू वेगळे केले जातात : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. खरेदीच्या संकेतस्थळावर डाव्या बाजूला किंमत, रंग, ब्रँड यांचे चौकोन दिसतात, त्यांचा वैचारिक पूर्वज हाच. संगणकावर ही परंपरा बूलच्या तर्कशास्त्राच्या वाटेने उतरली. वैद्यकीय साहित्यासाठी १९६४ मध्ये सुरू झालेली मेडलार्स आणि १९७२ पासून व्यापारी तत्त्वावर चालणारी डायलॉग या सेवांमध्ये 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांनी जोडलेल्या अटी द्यायच्या. अट पाळणारे सगळे कागद सारखेच, त्यांत लहान-मोठे काही नाही.

क्रमाची परंपरा जवळजवळ त्याच काळातली. मॅरन आणि कून्स यांनी १९६० मध्येच असे मांडले की कागद 'लागू आहे की नाही' यापेक्षा तो लागू असण्याची शक्यता किती, हे विचारावे. जेरार्ड सॉल्टन यांनी स्मार्ट ही प्रणाली उभी केली. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये एक साधी पण फार पुढे नेणारी गोष्ट सांगितली : जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याचे वजन जास्त, जो सगळीकडे येतो त्याचे कमी. स्टीफन रॉबर्टसन यांच्यासह केलेल्या कामातून या विचाराला संभाव्यतेचा पाया मिळाला आणि लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या ओकापी प्रणालीतून १९९४ च्या सुमारास बीएम२५ हे सूत्र तयार झाले. शब्द दुर्मीळ किती, कागदात किती वेळा आला आणि कागद लांब किती, या तिन्हींचा त्यात हिशेब असतो. लुसीन हा शोधासाठीचा मुक्तस्रोत आज्ञासंच १९९९ पासून वापरात आहे. त्याच्या २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून क्रमासाठी हेच सूत्र आपोआप लागू होते.

या दोन परंपरांची टक्कर एका अभ्यासात फार स्पष्ट दिसली. ब्लेअर आणि मॅरन यांनी १९८५ मध्ये एका मोठ्या खटल्यातल्या सुमारे ४०,००० कागदपत्रांवर वकिलांनी केलेले अटींचे शोध तपासले. हव्या असलेल्या कागदांपैकी निदान ७५ टक्के आपल्याला मिळाले, असे वकिलांना वाटत होते. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच मिळाले होते. कारण भाषेत होते. एका बाजूच्या लोकांनी 'अपघात' लिहिले होते, दुसऱ्या बाजूने 'घटना' किंवा 'परिस्थिती'. आपल्याकडे एकाच पाण्याला कोणी पूर म्हणते, कोणी महापूर, सरकारी कागदात ती 'नैसर्गिक आपत्ती' होते आणि नदीकाठची माणसे नुसते 'पाणी आलं' म्हणतात. हा निष्कर्ष इथे लागू करायला फार दूर जावे लागत नाही.

चार भूमिका

आज या प्रश्नावर साधारण चार भूमिका दिसतात. प्रत्येकीच्या मागे खऱ्या गरजा आहेत.

पहिली भूमिका चाळणीला प्राधान्य देणाऱ्यांची. नोंदी, हक्क, कायदा, पेटंट, वैद्यकीय पुराव्यांचे पद्धतशीर आढावे या क्षेत्रांत ती घट्ट आहे. सातबारा बघायचा असेल तर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावे लागते. त्यानंतर गट नंबर किंवा नाव. शिरोळ तालुक्यात 'पाटील' या आडनावाने लावलेला क्रम काय कामाचा? उतारा आपला असतो किंवा नसतो. चाळणी उघड असते, तीच अट उद्या दिली तर तेच उत्तर येते आणि एखादी नोंद का आली याचे कारण सांगता येते. जिथे उत्तराला सही-शिक्क्याचे वजन आहे, तिथे हा आग्रह योग्यच आहे.

दुसरी भूमिका क्रमाच्या बाजूची. शोधणाऱ्याला नेमका शब्द माहीत नसतो, अट जितकी कडक तितके हवे ते निसटण्याचा धोका जास्त, आणि शून्य उत्तरांचे कोरे पान वाचकाला काहीच शिकवत नाही. म्हणून अटी कमीत कमी ठेवाव्यात आणि बरे-वाईट ठरवायचे काम क्रमावर सोपवावे. ब्लेअर-मॅरन यांचा आकडा हे लोक आवर्जून पुढे ठेवतात.

तिसरी भूमिका कामाच्या वाटणीची. व्यवहारात सर्वाधिक स्वीकारली गेलेली तीच. जे ठाम सत्य आहे ते चाळणीत : तारीख, भाषा, कागदाचा प्रकार, बघण्याची परवानगी. जे अर्थाचे आहे ते क्रमात. चाळणीने गुण द्यायचे नाहीत, फक्त दार उघडायचे किंवा बंद करायचे. सोलर या शोधयंत्रात यासाठी मुख्य प्रश्न आणि चाळणीचा प्रश्न असे दोन वेगळे धागे असतात. इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या शोधयंत्रात एकाच संयुक्त प्रश्नात 'असलाच पाहिजे', 'असला तर बरा', 'नसावा' आणि 'फक्त चाळा' असे चार कप्पे असतात. 'असलाच पाहिजे' आणि 'फक्त चाळा' हे दोन्ही कागद वगळतात. फरक एवढाच की पहिला गुणही देतो, दुसरा देत नाही. नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत याच फरकापाशी होते.

बातमीच्या सुरुवातीला गावाचे नाव येते, 'जयसिंगपूर :' असे. ते सगळ्या मजकुरासोबत शोधात गेले, तर इथल्या वार्ताहराने पाठवलेली प्रत्येक बातमी जयसिंगपूरविषयी आहे असे यंत्राला वाटते. कुरुंदवाडची बातमी इथून पाठवली गेली तरी तिला जयसिंगपूरचे गुण मिळतात. कामाची वाटणी नीट केली तर ते नाव 'कुठून आली' या वेगळ्या रकान्यात जाते आणि चाळणीला उपयोगी पडते. मजकुरात गावाचा जो उल्लेख आहे तेवढाच क्रमाच्या वाट्याला राहतो. मला या भूमिकेची खरी ताकद इथे दिसते. माहिती साठवतानाच ती विचार करायला लावते.

चौथी भूमिका म्हणते की चाळणी इतकी कठोर नसावी, तिचे रूपांतर पसंतीत करावे. पुराविषयी शोधताना शिरोळबरोबर हातकणंगले आणि मिरजेकडची बातमीही उपयोगी असते, नदी तालुक्याची हद्द बघत नाही. म्हणून अंतर वाढेल तसे गुण उतरत जावेत, जुन्या तारखेचे थोडे कमी व्हावेत, पण कोणी बाहेर फेकले जाऊ नये. सॉल्टन, फॉक्स आणि वू यांनी १९८३ मध्येच बूलच्या अटी मऊ करणारे गणित मांडले होते. आजची गुणवाढ त्याच वळणाची आहे. आक्षेपही जुनाच : या गुणांना मोजमापाचे एकक नाही. दहा किलोमीटर अंतर म्हणजे 'पूर' या शब्दाचे किती उल्लेख? याचे उत्तर वापरणाऱ्यांनी तपासून दिलेल्या निकालांवरून बसवावे लागते, आणि लहान साठ्यांकडे असे निकाल क्वचितच असतात.

दुर्मीळ, पण कुठे?

वादाचा सर्वांत खोल भाग मात्र वेगळाच आहे, आणि त्यावर सामान्य वापरकर्त्याची नजर पडत नाही. शब्दाचे वजन त्याच्या दुर्मीळतेवर ठरते, हे वर आले. पण दुर्मीळ कुठे? सगळ्या साठ्यात, की चाळणीनंतर उरलेल्या भागात?

समजा, एका राज्यव्यापी साठ्यात एक लाख बातम्या आहेत आणि त्यांतल्या दोन हजारांत 'ऊस' आहे. पन्नासात एक, शब्द बराच दुर्मीळ. आता शिरोळ तालुक्याची चाळणी लावली, एक हजार बातम्या उरल्या आणि त्यांतल्या सहाशेंत ऊस निघाला. गळीत हंगामाच्या तोंडावर ऊस परिषद भरते ती जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर, तेव्हा हे प्रमाण कोणाला खटकणार नाही. आता कोणी 'ऊस वजन काटा' असे शोधले, तर संपूर्ण साठ्याच्या हिशेबाने 'ऊस' या शब्दाला भरपूर वजन मिळते, जरी या तालुक्यात त्याने काहीच वेगळे होत नाही. खरे काम 'काटा' करतो. चाळलेल्या भागाच्या हिशेबाने पाहिले तर ऊस जवळजवळ बिनवजनाचा होतो. मूळ सूत्रात तर निम्म्याहून जास्त कागदांत येणाऱ्या शब्दाचे वजन ऋण होते, म्हणजे तो असल्याबद्दल गुण कापले जातात. लुसीनने लॉगच्या आत एक मिळवून हे टाळले आहे.

तर मग चाळलेल्या भागाचीच गणना का करू नये? एक अडचण खर्चाची. संपूर्ण साठ्याची गणना आधीच तयार असते, प्रत्येक चाळणीसाठी ती ताजी करायची म्हणजे वेळ जातो. दुसरी अडचण स्थैर्याची. चाळणी इतकी घट्ट झाली की वीसच बातम्या उरल्या, तर वीस बातम्यांवरून काढलेले वजन डळमळीत असते. एक बातमी वाढली तरी क्रम बदलतो. म्हणून बहुतेक यंत्रे संपूर्ण साठ्याचीच गणना वापरतात, त्यातही साठा अनेक तुकड्यांत विभागलेला असेल तर प्रत्येक तुकड्याची स्वतःची. मग त्याच बातमीला वेगळ्या तुकड्यात वेगळे गुण मिळू शकतात. इलॅस्टिकसर्चमध्ये सगळ्या तुकड्यांची गणना आधी गोळा करून घेण्याची वेगळी सोय आहे.

या प्रश्नाला गोपनीयतेचीही बाजू आहे. ब्यूटशर आणि क्लार्क यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की चाळणीने लपवलेले कागदही गुणांमधून डोकावतात. मला बघायची परवानगी नसलेल्या फायलींत एखादा शब्द किती वेळा आहे, हे माझ्याच फायलींच्या गुणांवरून ताडता येते, कारण वजन सगळ्यांच्या फायलींवरून काढलेले असते. एकाच संगणकावर अनेक गिऱ्हाइकांची खाती ठेवणाऱ्या सेवांसाठी ही बाब किरकोळ नाही.

पोस्टग्रेस हा डेटाबेस शोधासाठी वापरणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, पण त्यामागे दुसरी उणीव आहे. त्याचे अंगभूत क्रमसूत्र संपूर्ण साठ्याकडे बघतच नाही, प्रत्येक कागदाला त्याच्या आतल्या शब्दांवरूनच गुण देते. 'काटा' आणि 'ऊस' त्याला सारखेच. चाळणी कितीही बदला, गुण तेच राहतात.

आधी काय करायचे

यंत्राने आधी चाळावे की आधी क्रम लावावा, हा प्रश्न वेगाचा वाटतो, पण तो उत्तरापर्यंत पोचतो. शब्दांच्या निर्देशसूचीत प्रत्येक शब्दापुढे कागदांचे क्रमांक चढत्या क्रमाने लिहिलेले असतात. चाळणीचीही तशीच यादी करून दोन्ही याद्या शेजारी ठेवून सरकत गेले की काम एकाच फेरीत होते. त्यामुळे लुसीनने २०१५–१६ च्या सुमारास चाळणी आणि प्रश्न यांची वेगळी यंत्रणा मोडून दोन्ही एकाच चौकटीत आणले. ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, डिंग आणि स्वेल यांनी २०११ मध्ये मांडलेल्या युक्त्यांनी पहिल्या दहांत येऊच न शकणारे कागद न तपासता ओलांडता येतात. २०१९ च्या लुसीन ८ मध्ये ही सोय आली आणि तिची एक किंमतही वाचकाला दिसू लागली : एकूण किती निकाल, हा आकडा आता अचूक मागितला नाही तर अंदाजे मिळतो. पैलूंपुढे कंसात संख्या दाखवणाऱ्यांना हा तोटा जाणवतो. वाचक दहाच बघतो हे खरे, पण '२०१९ : इतक्या बातम्या' या आकड्यावरून तो पुढची चाळणी ठरवतो, हेही तितकेच खरे.

पोस्टग्रेसच्या जिन निर्देशसूचीत शब्द कुठल्या ओळींत आहे ते कळते, क्रम लागत नाही. जुळलेल्या प्रत्येक ओळीचे गुण काढावे लागतात. शब्द सर्वत्र असेल तर ते महाग पडते. अशा वेळी घट्ट चाळणी आधी लागणे हाच उपाय असतो.

मराठीत चाळणीही ठाम नसते

आतापर्यंतच्या मांडणीत एक गृहीत होते की चाळणी ठाम आणि क्रम अंदाजे. इंग्रजी मजकुरावर वाढलेल्या या गृहीताला मराठीत तडा जातो, आणि या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

गावाचेच नाव घ्या. जयसिंगपूर, पण जयसिंगपुरात, जयसिंगपुराहून. शेपूट तोडून भागत नाही, आतला स्वरही बदलतो. 'ऊस' तर पहिल्याच अक्षरात बदलतो : उसाचा, उसाला. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर असेल तर अनुस्वारांची रास वेगळीच, आणि ग्रामनामांतला 'पूर' दीर्घ लिहावा हा नियम झाल्यावरही अनेक पाट्यांवर आणि कागदांवर 'पुर' राहिला. नृसिंहवाडी, नरसोबावाडी, नरसोबाची वाडी आणि परिसरातल्या बोलण्यातली नुसती 'वाडी' हे एकच ठिकाण. एफआरपी, एफ.आर.पी. आणि 'रास्त व किफायतशीर दर' ही एकच गोष्ट. सातव्या गल्लीचा पत्ता '७ वी गल्ली' असा एका अर्जात, तर दुसऱ्यात इंग्रजी अंकाने. यंत्रासाठी ही दोन वेगळी चिन्हे आहेत. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधीचे लोक 'अ' वर चंद्र देऊन तेच लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण 'ॲड.' या उपाधीची चाळणी लावली की निम्मे वकील गळतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणलेला नसेल, तर शोधासाठी तो मराठीच नसतो.

क्रम या गोंधळातून कसाबसा वाट काढतो, कारण एक शब्द हुकला तरी दुसरा गुण देतो. चाळणीला ती सवलत नाही. तिच्यात एक वेलांटी चुकली की बातमी कायमची बाहेर. म्हणून मराठीत चाळणीचे रकाने मुक्त लिखाणावर सोडू नयेत, गावाला शब्दाऐवजी क्रमांक द्यावा, असे काम करणारे बहुतेक जण सांगतात. नव्या नोंदींसाठी ते जमते. जुन्या साठ्यात तो क्रमांक कोण भरणार, हे कोणी सांगत नाही.

शब्दांची रूपे एकत्र आणण्यावर मात्र मोजून केलेले काम आहे. भारतीय भाषांतील शोधाची पारख करणारा फायर हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि त्यात सुमारे एक लाख मराठी बातम्यांचा संच होता. त्यावर डोलामिक आणि सावॉय यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, प्रत्यय सढळ हाताने तोडल्यावर मराठीत उत्तरांचा दर्जा काहीच न तोडण्यापेक्षा सुमारे ४२ टक्क्यांनी सुधारला; हिंदीत ही सुधारणा सुमारे २८ टक्के, बंगालीत १८. प्रत्येक शब्दाची पहिली चारच अक्षरचिन्हे ठेवण्याची साधी युक्तीही जवळजवळ तितकीच चालली. क्रमासाठी हे उत्तम आहे. चाळणीसाठी तीच युक्ती धोक्याची : पहिल्या चार चिन्हांवर जयसिंगपूर, ज्यांच्या नावावरून शाहू महाराजांनी हे गाव वसवले ते जयसिंगराव घाटगे, आणि कोणीही जयसिंह, सगळे एकच होतात. म्हणजे एकाच मजकुराच्या दोन सूची लागतात, क्रमासाठी सैल आणि चाळणीसाठी काटेकोर. काटेकोर सूची किती काटेकोर असावी, यावर एकमत नाही.

अर्थाचा शोध आणि उघडे प्रश्न

गेल्या काही वर्षांत शब्दांऐवजी वाक्याच्या अर्थाचे आकडे करून जवळचे शोधण्याची पद्धत रुळली आहे. 'पाणी आलं' आणि 'महापूर' तिला जवळचे वाटतात, म्हणून मराठीसाठी ती आशेची आहे. पण चाळणीचा प्रश्न तिने अधिक अवघड केला. या पद्धतीत सगळे कागद शेजाऱ्यांच्या जाळ्यात गुंफलेले असतात आणि शोध एका शेजाऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. आधी चाळले तर जाळे तुटते, नंतर चाळले तर दहापैकी दोनच उरतात. लुसीनने २०२२ मध्ये जाळ्यावर चालतानाच चाळण्याची, आणि फारच थोडे कागद उरत असतील तर जाळे सोडून सरळ मोजण्याची वाट काढली. पोस्टग्रेसच्या पीजीव्हेक्टर या जोडणीत २०२४ पासून पुरेसे निकाल मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा शोधत राहण्याची सोय आहे. शब्दांचा क्रम आणि अर्थाचा क्रम एकत्र करायला कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्यूटशर यांची २००९ ची युक्ती वापरतात. ती गुण सोडून देते आणि फक्त कितवा क्रमांक एवढेच बघते. त्यामुळे दोन भिन्न मापे जुळवण्याचा त्रास वाचतो, पण पहिला आणि दुसरा यांत खरे अंतर किती होते हेही हरवते.

प्रश्नातून चाळणी ओळखण्याचे काम आता भाषाप्रारूपांवर सोपवले जाते. 'शिरोळचा २०१९ चा पूर' असे लिहिले की यंत्र स्वतःच तालुका आणि वर्ष वेगळे काढते. सोय मोठी आहे. पण '२०१९ चा पूर' यातले वर्ष पुराचे आहे, बातमी छापल्याचे नव्हे. पंचनामे, अनुदानाच्या याद्या, पुनर्वसनाच्या बैठका यांच्या बातम्या २०२० मध्येही आल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढले तेव्हाच्या बातम्यांत २०१९ ची आणि २००५ ची तुलना आहे. छापल्याच्या वर्षाची चाळणी लावली तर हे सगळे जाते. वर्ष क्रमात सोडले तर २०२१ च्या बातम्या वर चढतात. घटनेचे वर्ष आणि छापल्याचे वर्ष हे दोन रकाने वेगळे असायला हवेत, इथपर्यंत सर्वांचे जुळते. घटनेचे वर्ष माणसाने भरायचे की यंत्राने ताडायचे, आणि यंत्राने ताडले तर तो रकाना चाळणीत बसण्याइतका ठाम मानायचा का, इथे मते फुटतात.

पारखण्याची साधनेही अपुरी आहेत. फायरच्या मराठी संचात प्रश्न होते आणि कुठली बातमी लागू आहे याचे निकालही होते, पण त्या प्रश्नांना तालुका-वर्षाची चाळणी जोडलेली नव्हती. चाळणीसह क्रम किती बरा लागतो हे मराठीत मोजायचे, तर तसे प्रश्न नव्याने गोळा करावे लागतील : अनुदान अडकलेल्या माणसाचे, ऊसदराचा इतिहास लिहिणाऱ्याचे, वाडीच्या घाटावर पाणी किती चढले होते ते शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे. आणि प्रत्येक प्रश्नापुढे कोणीतरी बसून ठरवावे लागेल की '२०१९ चा पूर' विचारणाऱ्याला २०२० ची अनुदानाची यादी हवी होती की नव्हती.